उजनीवरच्या छोट्या बोटीसाठी नवे डिझेल इंजिन : निवड कशी करावी आणि खर्च कसा मांडावा

उजनी जलाशयावर प्रवासी लाँच, पक्षी दाखवणारी बोट किंवा हौसेची छोटी केबिन-बोट चालवणाऱ्याचे इंजिन दम टाकू लागले की पहिला फोन सोलापूर, पुणे किंवा मुंबईच्या विक्रेत्याला जातो आणि पहिला प्रश्न असतो, "पंधरा एचपीचे इंजिन केवढ्याला बसेल?" हा प्रश्न खरे तर शेवटी विचारायचा असतो. बोटीचे वजन, पंख्याचे (प्रोपेलरचे) माप, गिअरचे प्रमाण आणि वर्षाकाठी चालणारे तास या चार गोष्टी कागदावर आल्याशिवाय मिळालेली कोणतीही किंमत आपल्या कामाची किंमत नसते. शिवाय बोटीच्या इंजिनांविषयीचे बहुतेक छापील साहित्य समुद्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. उजनीचे पाणी गोडे, गाळाचे आणि उन्हाळ्यात झपाट्याने उतरणारे आहे, त्यामुळे त्यातले काही सल्ले इथे लागू पडत नाहीत आणि काही तर उगाच खर्चात पाडतात.

इंजिन खरोखरच बदलायचे आहे का?

काळा धूर निघतो आणि बोट ओढत नाही, एवढ्यावरून इंजिन संपले असे ठरवू नये. बुडाला शेवाळ व शिंपले चढले असतील, पंख्याचे पाते वाकले असेल किंवा पंखा फिरवणाऱ्या शाफ्टला जाळ्याची दोरी गुंडाळली असेल, तरी इंजिनावर जादा भार येऊन काळाच धूर निघतो. म्हणून आधी बोट काठावर ओढून बूड खरवडावे, पंखा तपासावा, एअर फिल्टर व डिझेल फिल्टर बदलावेत, नोझल तपासून घ्यावे आणि मगच निदानाकडे वळावे. निळसर धूर आणि घटणारे ऑइल हे पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरचे लायनर झिजल्याचे लक्षण आहे. थंड इंजिन सुरू करताना बराच वेळ पांढरा धूर येत असेल तर कॉम्प्रेशन कमी झाल्याचा संशय घ्यावा. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसले तर हेड गॅस्केट, ब्लॉक किंवा ऑइल कूलर यांपैकी कुठून तरी पाणी आत शिरते आहे.

कॉम्प्रेशन गेजने मोजलेला दाब छोट्या डिझेल इंजिनात साधारण २५ ते ३५ बारच्या घरात असतो, पण नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातूनच घ्यावा. दोन सिलिंडरांच्या इंजिनात दोन्ही आकड्यांतला फरक अधिक बोलका असतो. ब्लॉक, क्रँक आणि हेड शाबूत असेल तर ओव्हरहॉल हा पूर्णपणे प्रतिष्ठित मार्ग आहे. किर्लोस्करच्या एव्ही-१ (५ एचपी) किंवा टीव्ही-१ (७ एचपी) यांसारख्या मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या इंजिनांचे लायनर, पिस्टन, बेअरिंग आपल्या भागात शेतीपंपांमुळे सहज मिळतात आणि क्रँक ग्राइंडिंग व बोरिंगची कामे सोलापुरात होतात. माझा ठोकताळा असा की ओव्हरहॉलचे कोटेशन नव्या इंजिनाच्या *बसवून झालेल्या* खर्चाच्या निम्म्याच्या आत असेल तर जुनेच दुरुस्त करावे. त्यापुढे गेले, किंवा मुख्य सुट्या भागांसाठी भंगार बाजारावर अवलंबून राहावे लागत असेल, तर बदलण्याचा विचार करावा.

बोट मोजा

मोजमापाला अर्धा दिवस लागतो आणि पुढच्या साऱ्या निर्णयांचा पाया तोच आहे. नेहमीची माणसे, डिझेल व सामान चढवून बोट पाण्यात उभी करावी आणि पाण्याच्या रेषेवरची लांबी, तिथलीच रुंदी व कील (बुडाखालचा कणा) सोडून बुडाची पाण्याखालची खोली मोजावी. तिन्हींचा गुणाकार करून त्याला बुडाच्या आकाराचा गुणक लावावा. निमुळत्या, गोलसर बुडाला तो सुमारे ०.४ येतो, तर चपट्या, पेटीसारख्या बुडाला बराच जास्त धरावा लागतो. समजा लांबी ७.५ मीटर, रुंदी २.१ मीटर, खोली ०.४ मीटर आणि गुणक ०.४२ आहे, तर बोटीने सारलेले पाणी २.६५ घनमीटर भरते. गोड्या पाण्याचा एक घनमीटर म्हणजे १,००० किलो, म्हणून भरल्या बोटीचे वजन सुमारे २.६५ टन. समुद्रात हाच गुणाकार १,०२५ ने करतात, हे तिथल्या तक्त्यांवरून हिशोब करताना लक्षात ठेवावे.

मग इंजिनापाशी यावे. शाफ्टची जाडी, पंख्याचा व्यास व पिच (एका फेऱ्यात पंखा न निसटता जेवढा पुढे सरकेल ते अंतर), पंखा फिरण्याची दिशा, इंजिन ज्या दोन बेडांवर बसते त्यांतले मधल्यापासून मधल्यापर्यंतचे अंतर, बेडच्या माथ्यापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची, कपलिंगपासून (गिअर व शाफ्ट जोडणाऱ्या चकत्यांपासून) पुढच्या भिंतीपर्यंतची जागा आणि वरच्या झाकणाचे माप ही सर्व मापे मिलिमीटरमध्ये घ्यावीत. पंख्याच्या बॉसवर, म्हणजे मधल्या गट्टूवर, बहुधा '१८ × १४' असे आकडे ठोकलेले असतात. पहिला व्यास आणि दुसरा पिच, दोन्ही इंचांत. आकडे पुसले गेले असतील तर बॉस पॉलिश पेपरने घासून तिरप्या उजेडात पाहावा, बहुतेक वेळा ठसे दिसतात. फिरण्याची दिशा बोटीच्या मागे उभे राहून, पुढे जाणाऱ्या गिअरमध्ये ठरवायची. घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल तर तो उजवा पंखा. नव्या गिअरची दिशा उलट निघाली तर जुना पंखा कितीही चांगला असला तरी बाद होतो.

किती एचपी पुरते?

पाणी कापत जाणाऱ्या, म्हणजे स्पीडबोटीसारख्या पाण्यावर न उचलल्या जाणाऱ्या बोटीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. मीटरमधल्या लांबीच्या वर्गमुळाला ४.५ ने गुणले की ताशी किलोमीटरमध्ये ती मर्यादा मिळते. आपल्या उदाहरणात ती सुमारे १२.३ किलोमीटर येते. ती गाठायला दर टनाला ४ एचपीच्या आसपास शक्ती पुरते, म्हणजे इथे १० ते ११ एचपी. रोजच्या ताशी ९-१० किलोमीटरच्या चालीला त्याहून बरीच कमी लागते.

या आकड्यात इथल्या हवेसाठी थोडी भर घालावी लागते. उजनीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आहे आणि एप्रिल-मेमध्ये हवा चाळिशी ओलांडते. कंपनीच्या पत्रकातली शक्ती साधारणतः २५ अंश तापमानाला व समुद्रसपाटीजवळच्या दाबाला मोजलेली असते. टर्बो नसलेले इंजिन विरळ व तापलेल्या हवेत ढोबळमानाने दहा टक्के तरी गमावते, त्यात गिअरमध्ये तीन-चार टक्के जातात आणि अल्टरनेटर थोडे खातो. म्हणून आपल्या बोटीला १३ ते १४ एचपी योग्य ठरते.

"थोडे मोठेच घेऊ, लागले तर असावे" हा सल्ला बोटीवर हमखास ऐकू येतो आणि तो बहुधा चुकीचा असतो. या बोटीत ३० एचपी बसवले तर वेगात जेमतेम किलोमीटरभराची भर पडेल, मागचा भाग पाण्यात दबेल आणि रोजच्या चालीत इंजिन एक पंचमांश भारावर फिरत राहील. डिझेल इंजिन कायम हलक्या भारावर चालले की नोझलवर काजळी धरते, एक्झॉस्टमध्ये ओलसर काळे ऑइल जमते आणि लायनर गुळगुळीत होऊन ऑइल खाऊ लागते. वळवाच्या वाऱ्यात बोटीचे तोंड वाऱ्याकडे धरून ठेवायला राखीव ताकद हवी हे खरे, पण तेवढी वरच्या हिशोबात आहे. २१ मे २०२४ रोजी उजनीतल्याच कुगाव-कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण दगावले. तशा वाऱ्यात बोट सरळ ठेवणारी गोष्ट म्हणजे बेताचा भार आणि वेळेवर गाठलेला काठ. लाइफ जॅकेटांचे पैसे एचपी वाढवण्यात घालू नयेत.

कोणत्या जातीचे इंजिन?

समोर मुख्यतः तीन पर्याय असतात. पहिला, देशी औद्योगिक किंवा शेतीचे इंजिन घेऊन त्याला मरीन गिअर जोडणे. दुसरा, कारखान्यातूनच बोटीसाठी तयार होऊन आलेले इंजिन. यानमारचे २वायएम१५ (१३.६ एचपी, ३६०० फेरे), व्होल्वो पेंटाचे डी१-१३, किंवा कुबोटाच्या ब्लॉकवर बांधलेली बीटा व नॅनी यांची इंजिने ही यॉटवरची नेहमीची नावे. तिसरा, वापरलेले इंजिन.

पहिल्या पर्यायात एक सापळा आहे आणि तो करात दडलेला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १५ एचपीपर्यंतच्या *स्थिर वेगाच्या* डिझेल इंजिनांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तर इतर डिझेल इंजिनांवरचा २८ वरून १८ टक्क्यांवर. साहजिकच विक्रेता पंपासाठीचे स्थिर वेगाचे इंजिन पुढे करतो. त्याचा गव्हर्नर (फेरे ठरावीक राखणारा भाग) मात्र १५०० फेऱ्यांवर घट्ट बसवलेला असतो. पंपाला तेच हवे असते. बोटीला काठाशी लागताना ६००-७०० फेऱ्यांवर शांत चालणारे आणि लिव्हर ढकलली की सावकाश चढणारे इंजिन लागते. म्हणून कोटेशनवर 'व्हेरिएबल स्पीड गव्हर्नर' हे शब्द आणि एचएसएन क्रमांक (जीएसटीसाठीचा वस्तूचा वर्ग-क्रमांक) लिहून मागावेत. करात वाचलेले पैसे गव्हर्नर बदलण्यात घालवण्यात शहाणपणा नाही. त्याचबरोबर इंजिन किती अंश तिरपे बसवलेले चालते हेही विचारावे. बोटीत शाफ्टच्या उतारामुळे ते मागे कललेले असते आणि शेतीच्या इंजिनाचा ऑइल पंप अशा वेळी हवा ओढू शकतो.

दुसऱ्या पर्यायात इंजिन, गिअर, कूलर, पॅनेल, वायरिंग आणि रबरी माउंट हे सारे जुळवून येते. वजन कमी, थरथर कमी, आवाज कमी. किंमत मात्र येन-युरोच्या भावाशी बांधलेली असते आणि सुटे भाग मुंबईहून किंवा परदेशातून येतात. रोज फेऱ्या मारणाऱ्या लाँचने हे इंजिन घेण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा, की ऐन हंगामात पाण्याचा पंप गेला तर बोट किती दिवस उभी राहील? ज्याच्या नोझलपासून गॅस्केटपर्यंतच्या वस्तू टेंभुर्णी, सोलापूर किंवा पुण्यात दुसऱ्या दिवशी मिळतात, ते इंजिन थोडे जड आणि गोंगाटी असले तरी धंद्याच्या बोटीला मी तेच सुचवेन. हौसेच्या बोटीचे गणित वेगळे आहे, तिथे शांतता विकत घेण्याजोगी असते.

वापरलेले इंजिन घ्यायचे तर ते थंड असताना, आपल्यासमोर सुरू करायला लावावे. आधीच तापवून ठेवलेले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. ऑइल भरायचे झाकण काढून चालू इंजिनातून वाफेसारखा धूर भकाभका येतो का ते पाहावे. मुंबई-कोकणातून आलेल्या इंजिनाचा एक्झॉस्टचा बाक सोडवून आत हाताचे बोट फिरवावे. आत गंज पापुद्र्यांनी सुटत असेल आणि भोक निम्मे बुजलेले असेल तर खाऱ्या पाण्याने ब्लॉकच्या आतही तेच केलेले असण्याची शक्यता मोठी आहे, वरून रंग कितीही ताजा असो.

गिअर आणि पंखा

बहुतेक अंदाजपत्रके इथेच कोसळतात. जुने इंजिन १५०० फेऱ्यांचे आणि गिअर २:१ असेल तर शाफ्ट ७५० फेऱ्यांनी फिरतो. ३६०० फेऱ्यांच्या नव्या इंजिनाला २.६२:१ चा गिअर लावला तरी शाफ्टचे १,३७४ फेरे होतात. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे १.८३ पट झाले की तोच पंखा सहापट शक्ती मागतो. ती मिळणार नाही, इंजिन आपल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचणारच नाही आणि नवे असूनही पहिल्या दिवसापासून काळा धूर ओकेल.

पिचचा कच्चा हिशोब घरी करता येतो. पिच मीटरमध्ये घेऊन त्याला शाफ्टच्या मिनिटाच्या फेऱ्यांनी व ६० ने गुणावे आणि हजाराने भागावे, म्हणजे ताशी किलोमीटर मिळतात. त्यातून अशा बोटीसाठी सुमारे ४० टक्के घसरण (पंखा पाण्यात निसटल्याने वाया जाणारी चाल) वजा करावी. १४ इंच पिच, म्हणजे ०.३५६ मीटर, ७५० फेऱ्यांना १६ किलोमीटर देते आणि घसरण जाऊन ९.६ उरतात. १,३७४ फेऱ्यांना तीच चाल राखायची तर पिच ८ इंचांच्या आसपास लागेल. व्यास पंखा बनवणाऱ्याकडून काढून घ्यावा. पात्याचे टोक आणि बूड यांच्यामध्ये व्यासाच्या किमान दहा ते पंधरा टक्के मोकळी जागा हवी, एवढे आपण पाहावे.

शाफ्टसाठी गोड्या पाण्यात ३०४ स्टेनलेस पुरते. महागडे ३१६ समुद्रासाठी आहे. यंत्रमागाचे शाफ्ट तासण्यात हात बसलेल्या सोलापूरच्या लेथवर हे काम उत्तम होते, फक्त पंखा बसणाऱ्या टोकाचा टेपर (निमुळता भाग) जुन्या पंख्यावर नव्हे तर नव्यावर जुळवून घ्यावा. गंजरोधक तुकडा जस्ताचा लावू नये. गोड्या पाण्यात त्यावर थर चढून तो निकामी होतो, इथे मॅग्नेशियमचा लावतात.

पाणी, हवा आणि धूर

समुद्रात थेट खाऱ्या पाण्याने थंड होणारी इंजिने ६० अंशांच्या आसपास ठेवावी लागतात, कारण त्यापुढे मीठ जमते. उजनीत ती अडचण नाही. इथली अडचण गाळ आणि जलपर्णी. धरणाची मृत साठ्याची पातळी ४९१.०३ मीटर आहे आणि उन्हाळ्यात धरण 'वजा'त गेले की बोटी चिखलाच्या जवळून चालतात. अशा वेळी पाणी ओढणारी जाळी बुजते आणि पंपातला रबरी इम्पेलर कोरडा फिरून काही क्षणांत फाटतो. म्हणून मी या जलाशयासाठी कील-कूलिंगच्या बाजूचा आहे. बुडाबाहेरच्या नळ्यांतून बंदिस्त कूलंट फिरते, बाहेरचे पाणी इंजिनात येतच नाही. नळ्या तळाला घासू नयेत म्हणून त्यांना संरक्षक पट्टी हवी आणि कूलरचे माप ठरवताना पाण्याचे तापमान ३२ अंश तरी धरायला सांगावे. कील-कूलिंगबरोबर एक्झॉस्ट कोरडा येतो, त्याला काचतंतूची पट्टी नीट गुंडाळणे हा खर्चाचा भाग आहे.

हवेचा विचार सहसा कोणी करत नाही. ५७० सीसीचे इंजिन ३६०० फेऱ्यांवर मिनिटाला सुमारे एक घनमीटर हवा आत घेते. बंद पेटीत ती कोंडलेली, तापलेली असेल तर आपण मोजून घेतलेले एचपी तिथेच विरतात. एक झरोका थंड हवा खाली आणणारा आणि दुसरा गरम हवा वरून सोडणारा, असे दोन हवेत.

किंमत मांडताना

दोन विक्रेत्यांच्या कोटेशनांतला फरक बहुतेक वेळा किमतीचा नसून समाविष्ट वस्तूंचा असतो. एकाच्या 'इंजिन' या शब्दात गिअर, पॅनेल, वायरिंग, माउंट, कंट्रोल केबल येते आणि दुसऱ्याच्या नुसता ब्लॉक. म्हणून आपलीच यादी करून प्रत्येकाकडून तिच्यावरच दर भरून घ्यावेत. तिच्यात इंजिन, गिअर, कपलिंग, माउंट, केबल व लिव्हर, पॅनेल, बॅटरी, डिझेलचा पाणी वेगळे करणारा फिल्टर, कूलिंग, एक्झॉस्ट, शाफ्ट, ग्लँड (शाफ्ट बुडाबाहेर पडतो तिथे पाणी अडवणारा भाग), पंखा, बेडचे वेल्डिंग किंवा फायबरचे काम, क्रेन, वाहतूक, मजुरी, सर्व्हेची फी आणि सुट्या भागांचा पहिला संच असावा. वेगळ्या जातीचे इंजिन प्रथमच बसत असेल तर इंजिन सोडून उरलेला खर्च इंजिनाच्या किमतीच्या निम्म्यापासून जवळपास तितकाच होऊ शकतो, अशी मनाची तयारी ठेवावी. त्याच जातीचे इंजिन त्याच बेडवर बसत असेल तर तो फारच थोडा असतो, आणि जुन्याच मॉडेलला चिकटून राहण्याचे ते सर्वांत सबळ कारण आहे.

महाग पण कमी डिझेल पिणारे इंजिन परवडते का, हे तासांवर ठरते. रोजच्या चालीला ५ किलोवॅट लागतात असे धरले, तर चांगले छोटे इंजिन तासाला सुमारे १.५ लिटर पिते आणि झिजलेले १.९ लिटर. वर्षाला ६०० तास चालणाऱ्या लाँचचे २४० लिटर वाचतात. डिझेल ९० रुपये धरले तर २१,६०० रुपये. एक लाखाचा जादा खर्च पाच वर्षांच्या आत वसूल होतो. वर्षाला १०० तास चालणाऱ्या हौसेच्या बोटीची बचत मात्र ३,६०० रुपये आहे, तिथे इंधनाच्या नावाखाली महाग इंजिन घेण्यात अर्थ नाही.

वॉरंटीबाबत तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. ती माल उचलल्यापासून सुरू होते की बसवल्यापासून, धंद्याच्या वापराला लागू आहे की नाही, आणि शेतीचे इंजिन बोटीत बसवल्यावर टिकते की नाही. कोटेशनची मुदत आणि विनिमय दराची अटही पाहावी.

ऑर्डर देण्यापूर्वीच कागदपत्रांकडे वळावे. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार यांत्रिक बोटीची नोंदणी व सर्व्हे आवश्यक असतो आणि आपल्याकडे हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येते. इंजिन बदलले की नोंदीतला इंजिन क्रमांक व शक्ती बदलते, म्हणून सर्व्हेअरला आधी विचारून घेतलेले बरे. बीजकावर इंजिन क्रमांक असलाच पाहिजे, वापरलेल्या इंजिनाच्या बाबतीत तर विशेषच.

बसवणी आणि चाचणी

काठावर केलेली अलाइनमेंट (इंजिन व शाफ्ट एका रेषेत आणणे) अंतिम मानू नये, कारण पाण्यात गेल्यावर बूड किंचित वाकते. बोट एक-दोन दिवस पाण्यात राहू द्यावी, मग कपलिंगचे बोल्ट सोडून दोन्ही चकत्या हलकेच जवळ आणाव्यात आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सरकवून पाहावे. १०० मिलिमीटरच्या चकतीवर फटीतला फरक ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. मिस्त्री "डोळ्याने बरोबर आहे" म्हणाला तरी गेज लावल्याशिवाय मजुरीचा शेवटचा हप्ता देऊ नये.

चाचणी भरल्या बोटीने आणि खोल पाण्यात घ्यावी. उथळ पाण्यात बोट मागे ओढली जाते आणि आकडे फसवे येतात. इंजिन गरम झाल्यावर लिव्हर पूर्ण ढकलून फेरे वाचावेत. ३६०० चे इंजिन ३४०० ते ३६०० गाठत असेल तर पंखा जुळला. ३००० वरच अडखळत असेल तर पिच जास्त आहे, तो कमी करून घ्यावा. लिव्हर पूर्ण जाण्याआधीच फेरे मर्यादेला टेकत असतील तर पिच कमी पडतो आहे. दोरीच्या ग्लँडमधून चालू असताना मिनिटाला काही थेंब पडू द्यावेत, तो इतका आवळू नये की शाफ्ट तापेल. पुस्तकात दुसरे काही सांगितले नसेल तर पहिले ऑइल ५० तासांनी बदलावे, त्याच वेळी माउंटचे बोल्ट पुन्हा आवळावेत आणि अलाइनमेंट एकदा परत तपासावी. जुने इंजिन भंगारात देण्याआधी त्याचा डिझेल पंप, नोझल आणि स्टार्टर काढून ठेवावा. त्याच जातीचे इंजिन चालवणारा कोणीतरी काठावर असतोच आणि वजनाच्या भावापेक्षा तो नक्कीच बरी किंमत देतो.